एक ‘आहे’ सगळीकडे चालत नाही

बस समोर. वही उघड. पान अकरा. मोठ्याने वाच.

‘इन माय व्हिलेज वन रिव्हर इज देअर. निअर द रिव्हर वन टेंपल इज देअर. इन द टेंपल मेनी पीपल इज देअर.’

का थांबलास? कानाला खटकलं ना? लिहिताना कुठे होते हे कान? एका पानात चौदा वेळा ‘इज देअर’. मी मोजलेत. एकेकाला लाल गोल केला आणि चौदाव्यापाशी पेन खाली ठेवलं. राग आला म्हणून ठेवलं.

पाचवीतल्या पोराने हे लिहिलं असतं तर मी जवळ बसवून दुरुस्त करून दिलं असतं. तू बारावीत आहेस. तुझी अक्कल मला ठाऊक आहे. म्हणून राग.

आता तू काय म्हणणार तेही मला तोंडपाठ आहे. ‘बाई, मी मराठी माध्यमाचा.’ बरं, मग? मी कुठल्या माध्यमाची आहे? याच तालुक्यात, कौलं गळणाऱ्या शाळेत शिकले. मराठी माध्यमाची तू ढाल केली आहेस. काही अंगावर आलं की पुढे करायची. आणि मला खरं दुःख याचं आहे की ज्या मराठीची ढाल करतोस, तिच्याकडेसुद्धा तू नीट बघत नाहीस.

हे बघ. कॉलेजच्या वार्षिक अंकातला तुझा लेख मी कपाटात जपून ठेवलाय. पहिली दोन वाक्यं वाचते. ‘गावाबाहेर एक पडकी विहीर आहे. विहीर आता कोरडी आहे.’ कुणी शिकवलं तुला असं लिहायला? पहिल्या वाक्यात गाव आधी, विहीर मागून. दुसऱ्यात विहीर सगळ्यांच्या पुढे. ‘एक पडकी विहीर गावाबाहेर आहे’ अशी सुरुवात का नाही केलीस? कारण वाचणाऱ्याला ती विहीर अजून माहीतच नव्हती. त्याला आधी ओळखीच्या जागी, गावाबाहेर, नेऊन उभं केलंस आणि मग विहीर दाखवलीस. एकदा दाखवली की ती त्याच्या ओळखीची झाली. मग ती कोरडी आहे, खोल आहे, काय वाटेल ते सांगायला तू मोकळा. हे सगळं कुणाला न विचारता, व्याकरणाचं पुस्तक न उघडता केलंस.

तीच दोन वाक्यं आता इंग्रजीत. ‘देअर इज ॲन ओल्ड वेल आउटसाइड द व्हिलेज.’ ‘द वेल इज ड्राय नाउ.’ संपलं. मराठीत जे काम शब्द मागेपुढे सरकवून केलंस, ते इंग्रजीत ‘देअर इज’ करतं. त्या भाषेत शब्द मनाला येईल तसे हलवता येत नाहीत. कर्ता क्रियापदाच्या आधी बसायला हवा. पण अगदी नवी, अनोळखी वस्तू वाक्याच्या तोंडाशीच आणून बसवायला ती भाषाही नाखूश असते. म्हणून तोंडाशी एक हलका शब्द ठेवला, नुसता जागा धरायला. एसटीत खिडकीतून सीटवर रुमाल टाकतात ना, तसा. खरा प्रवासी मागून चढतो. इथला प्रवासी ती विहीर आणि रुमाल म्हणजे ‘देअर’.

तू काय केलंस? रुमालालाच प्रवासी समजलास. कधीकाळी कुणीतरी सांगितलं, ‘देअर’ म्हणजे ‘तिथे’. तेच आजवर उराशी धरून बसलायस. मागच्या चाचणीत ‘देअर इज अ गॉड’ याचं भाषांतर काय केलंस? ‘तिथे एक देव आहे.’ कुठे तिथे? फळ्यामागे? लिहून झाल्यावर एकदा तरी वाचलंस? वाचलं असतंस तर तुझं तुलाच कळलं असतं, कारण मराठी वाक्यातली खोट तुला शंभर पावलांवरून दिसते. पण तू वाचतच नाहीस. लिहितोस, वही मिटतोस आणि ‘इंग्रजी अवघड आहे’ म्हणून मोकळा होतोस.

जागा दाखवणारा ‘देअर’ वेगळा असतो, आणि तो कानाला कळतो. बसस्टँडवर कुणी बोट दाखवून म्हणतं, ‘देअर इज युवर बस!’ म्हणजे ती बघ तुझी बस. इथे ‘देअर’वर जोर. आणि ‘देअर इज अ बस ॲट सिक्स’ म्हणजे सहाला एक बस आहे. इथे ‘देअर’ इतका पुसट की बोलताना नुसतं ‘दर’ उरतं. पहिल्यात बोट दाखवतोस, दुसऱ्यात वेळापत्रक सांगतोस. अजून पटत नसेल तर हे घे: ‘देअर इज अ मॅन देअर.’ दोन्ही एकाच वाक्यात. पुढचा रुमाल, मागची जागा. दोन्ही ‘देअर’ म्हणजे ‘तिथे’च असतील तर ‘तिथे एक माणूस तिथे आहे’ असं बोलशील घरी?

‘पण बाई, समोरच्याला कळतं ना?’ हे तुझं दुसरं लाडकं वाक्य. कळतं. ‘टुमॉरो हॉलिडे इज देअर’ म्हटलंस तरी उद्या सुट्टी आहे हे कळतं. अख्ख्या देशात लोक असं बोलतात, हेही मला माहीत आहे. पण कळतं कसं? समोरचा तुझं वाक्य मनातल्या मनात सरळ करून घेतो. तुझं ओझं तो उचलतो. आपलं गाठोडं दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवून चालायची सवय तुला बरी वाटते? ‘टुमॉरो इज अ हॉलिडे.’ ‘देअर इज अ हॉलिडे टुमॉरो.’ यात एक शब्द तरी तुला न येणारा आहे?

बरं, ‘देअर इज’ तू मुळीच वापरत नाहीस असंही नाही. वापरतोस, पण तिथे ‘इट इज’ हवं असतं. आणि ‘देअर इज’ हवं तिथे ‘इट इज’ घालतोस. इथे मी जरा थांबणार आहे. तूही थांब. खिडकीबाहेर बघू नकोस.

तुझ्या घराची कडी वाजली. आई आतून विचारते, ‘कोण आहे रे?’ तू दार किलकिलं करतोस. कुणीतरी माणूस उभा आहे, ओळखीचा नाही. तू म्हणतोस, ‘दारात कुणीतरी आलंय.’ इंग्रजीत ‘देअर इज समवन ॲट द डोअर.’ एक नवा माणूस तू गोष्टीत आणलास. मग नीट बघतोस. अरे, हा तर दूधवाला! ‘दूधवाला आहे, आई.’ आता ‘इट इज द मिल्कमन.’ नवा माणूस आणला नाहीस, आधीच दारात असलेल्याची ओळख पटवलीस. ‘देअर इज’ने माणूस दारात येतो आणि ‘इट इज’ने त्याला नाव मिळतं. दूधवाल्याला बघून ‘देअर इज द मिल्कमन ॲट द डोअर’ म्हणालास तर इंग्रजी कानाला ते वाकडं लागतं, कारण ओळखीच्या माणसाची तू नव्याने ओळख करून देतोयस.

आणि दार उघडल्यावर कुणीच नसेल तर? ‘देअर इज नोबडी.’ पण एखादं पोर कडी वाजवून पळालं, आईने परत विचारलं आणि तुला ‘कुणी नाही गं, असंच’ म्हणून विषय झटकायचा असला, तर ‘इट्स नोबडी’. मराठीत दोन्हीला ‘कुणी नाही’. पण आवाज दोन्ही वेळा एकच असतो का तुझा? नसतो. फरक तुझ्या गळ्यात आहे. कागदावर तेवढा आणत नाहीस.

आता हा दूधवाला उद्या आलाच नाही. ‘घरात दूध नाही.’ ‘देअर इज नो मिल्क.’ परवा आला, पण बरणीत पाणीच जास्त. आई चिडून म्हणते, ‘हे दूध नाही!’ ‘धिस इज नॉट मिल्क.’ पहिल्यात दुधाचा पत्ता नाही. दुसऱ्यात समोर काहीतरी आहे, पण ते दूध म्हणवून घेण्याच्या लायकीचं नाही. तू वहीत काय लिहिलंस? ‘इन हाउस इट इज नॉट मिल्क.’ घरात दूध नाही असं सांगायला निघालास आणि घरातलं काहीतरी दूध नसल्याचं सांगून बसलास. आईला असं सांगशील का?

गाडीचं घे. ‘गाडीला अजून दहा मिनिटं आहेत.’ ‘स्टेशन इथून दहा मिनिटांवर आहे.’ दोन्हीकडे दहा मिनिटं, दोन्हीकडे ‘आहे’. पण पहिल्यात हाताशी दहा मिनिटं शिल्लक आहेत: ‘देअर आर टेन मिनिट्स लेफ्ट.’ दुसऱ्यात अंतर मोजलंय: ‘इट इज टेन मिनिट्स टु द स्टेशन.’ वेळ किती झाली, अंतर किती आहे, हवा कशी आहे, हे ‘इट’चं घर. ‘इट इज फॉगी.’ धुकं ही वस्तू म्हणून दाखवायची असेल तर ‘देअर इज फॉग ऑन द रोड.’ एकात विशेषण, एकात नाम. बस, एवढंच. यावर चार ओळींपेक्षा जास्त वेळ द्यायची गरज नाही आणि तू चार वर्षं दिलीस.

तिसरी सबब मी तुझ्या मोबाइलवर पाहिली. ‘बाई, ॲपमध्ये तपासलं, काही चूक दाखवली नाही.’ दाखवणार कशी? ‘इट वॉज अ टाइम व्हेन पीपल रोट लेटर्स.’ हे वाक्य शुद्धच आहे. व्याकरणाला काही धक्का नाही. पण त्याचा अर्थ होतो, तो काळ पत्रं लिहिण्याचा होता. म्हणजे कुठल्यातरी काळाबद्दल आधीच बोलणं चाललेलं होतं. तू तर निबंधाची पहिलीच ओळ लिहीत होतास. तुला म्हणायचं होतं, एक काळ असा होता की लोक पत्रं लिहीत. त्याला ‘देअर वॉज अ टाइम’. दोन्ही वाक्यं शुद्ध. तुझ्या मनात यांपैकी कुठलं होतं हे मोबाइलला कसं कळणार? मन तुझं आहे. तेच तू त्याच्याकडे गहाण टाकलंस.

तुझ्याच आवडीचं पुस्तक घेऊ. वीणा गवाणकरांचं ‘एक होता कार्व्हर’, १९८१ सालचं. तीनदा वाचलंस म्हणून सांगतोस. नावाकडे कधी पाहिलंस? ‘कार्व्हर एक होता’ असं का नाही? ‘होता’ आधी का आला? आजी गोष्ट सांगायला बसली की ‘एक होता राजा’च म्हणायची ना? ‘होता’ पुढे येतो, राजा मागून येतो, आणि ऐकणारं पोर सावरून बसतं, आता कुणीतरी नवं येणार म्हणून. कार्व्हर हे चांगलं ठसठशीत नाव असूनही त्याच्याआधी ‘एक’ लावलं की तो आपल्याला अजून न भेटलेला माणूस होतो. मराठीला हे जमतं. इंग्रजीला नावाच्या बाबतीत असं जमत नाही. ‘देअर वॉज कार्व्हर’ म्हणून गोष्ट सुरू करता येत नाही. ‘देअर वॉज अ मॅन कॉल्ड कार्व्हर’ म्हणावं लागतं, म्हणजे आधी अनोळखी माणूस, मग नाव. ‘अ’, ‘सम’, ‘टू’, ‘मेनी’, ‘नो’ या शब्दांना ‘देअर इज’ आणि ‘देअर आर’ घरात घेतात. ‘द’, ‘माय’, ‘धिस’, ‘एव्हरी’ यांना सहसा दारातच थांबवतात. ‘देअर इज माय पेन ऑन द टेबल’ म्हणूनच चुकतं. ‘माय पेन इज ऑन द टेबल.’

आता तू लगेच हात वर करशील, मला माहीत आहे. तेवढी हुशारी तुझ्यात आहे. ‘पण बाई, देअर इज माय पेन असं मी ऐकलंय.’ बरोबर ऐकलंस. कुणी विचारलं, ‘सही कशाने करू? काही आहे का?’ तर ‘वेल, देअर इज माय पेन’ असं उत्तर येतं. तिथे पेनाची बातमी देत नाहीत. काय काय चालण्यासारखं आहे त्याची यादी मनात चालू असते आणि त्यातली एक वस्तू सुचवतात. हा अपवाद तुला सापडला याचा मला आनंद आहे. पण अपवाद हेरण्याइतकं ज्याचं लक्ष आहे, त्याचं नियमाकडे लक्ष नाही, हे मी कसं मान्य करू?

या बारकाव्यावर लोकांनी आयुष्यं घालवलीत. गॅरी मिल्सार्क नावाच्या अभ्यासकाने १९७४ साली अमेरिकेत एमआयटीत याच रचनेवर पीएचडीचा प्रबंध लिहिला. ‘द’ का चालत नाही आणि ‘अ’ का चालतो, हाच त्यातला एक मोठा प्रश्न. त्याच्या पन्नास वर्षं आधी, १९२४ साली, ओटो येस्पर्सनने ‘द फिलॉसॉफी ऑफ ग्रामर’मध्ये अशा वाक्यांची वेगळी दखल घेतली. येस्पर्सन कोण? डेन्मार्कचा. मातृभाषा डॅनिश. याच माणसाचं इंग्रजी व्याकरण सात खंडांत छापलं गेलं आणि इंग्रजसुद्धा ते प्रमाण मानून वाचतात. ‘इंग्रजी आपली नाही’ म्हणतोस ना? त्याची तरी कुठे होती?

आणि तुझी भाषा काही लेचीपेची नाही. ‘आज धुकं आहे.’ ‘हिवाळ्यात धुकं असतं.’ ‘घाटात धुकं असेल.’ ‘रात्री धुकं असावं.’ ‘असेल’ आणि ‘असावं’ यातला फरक तू कधी चुकलास? ‘असेल’मध्ये नुसता अंदाज. ‘असावं’मध्ये काहीतरी खूण बघून बांधलेला अंदाज, सकाळी रस्ता ओला दिसला म्हणून. ‘आहे’ आणि ‘असतं’ यांना तर इंग्रजी एकाच ‘इज’ने उरकते. ज्याच्या जिभेवर इतके बारकावे रोज खेळतात, त्याने दोन शब्दांतला फरक कळत नाही म्हणावं? मला हे खरं वाटत नाही. तुलाही वाटत नाही.

आणखी दोन गोष्टी, मग जा.

‘देअर इज अ बँक निअर द स्टँड, इजन्ट इट?’ हे तू परवा वर्गात बोललास. ‘नाही का?’ म्हटलं की तुझ्या तोंडून ‘इजन्ट इट’च बाहेर पडतं. वाक्य ‘देअर’ने सुरू झालं ना? मग शेपूट ‘इजन्ट देअर’. रुमाल का असेना, जागा त्याने धरलीय, तर मान त्याला द्यायचा. प्रश्न विचारतानाही तोच सरकतो: ‘इज देअर अ बँक?’

दुसरी गोष्ट तुझ्या हौसेची. शेवटच्या परिच्छेदात लिहिलंस, ‘देअर एक्झिस्ट्स अ टी स्टॉल निअर माय हाउस.’ कुठून उचललंस हे? गणिताच्या पुस्तकातून. तिथे ते शोभतं. अमुक गुणधर्माची संख्या अस्तित्वात आहे, हे तिथे सिद्ध करायचं असतं. त्यासाठी उलट्या ‘ई’चं चिन्हही आहे, इटलीच्या ज्युसेप्पे पेआनोने १८९७ साली ते रूढ केलं. चहाच्या टपरीचं अस्तित्व तुला सिद्ध करायचंय? मराठीत ‘माझ्या घराजवळ चहाची टपरी अस्तित्वात आहे’ असं लिहिशील? मेलास तरी लिहिणार नाहीस. मग इंग्रजीत का? भारी दिसावं म्हणून. साधं ‘देअर इज’ येत नाही आणि वर ‘एक्झिस्ट्स’चा फेटा. हे मला सगळ्यात जास्त लागलं. न येणं मी समजू शकते. न येणं झाकायला जड शब्द पांघरणं मी खपवून घेणार नाही.

वही घे. पान अकरा फाडायचं नाही. समोरच्या पानावर ती चौदा वाक्यं परत लिहायची. प्रत्येक वाक्य आधी मराठीत म्हणायचं, आणि बघायचं की तुझा ‘आहे’ तिथे काय करतोय: कुणाला पहिल्यांदा आणतोय, आलेल्याची ओळख पटवतोय, की ओळखीच्या गोष्टीबद्दल काही सांगतोय. मग पेन उचलायचं. मोबाइल घरी ठेवायचा. गाईडातून उतरवलंस तर मला पहिल्या ओळीतच कळेल, हे तुला ठाऊक आहे.

नदी आणि देऊळ नंतर. सुरुवात तुझ्या त्या पडक्या विहिरीपासून कर. सोमवारी पहिल्या तासाच्या आधी मी स्टाफरूममध्ये असते.